काकांचा प्रोग्रॅम आणि दुपारची सुट्टी

पुण्यात चूक कबूल करणारा माणूस शोधायला निघालात, तर सदाशिव पेठेतलं आमच्या मावशीच्या यजमानांचं घर सोडून बाकी कुठेही जा. आम्ही त्यांना काका म्हणतो. कारखान्यातली नोकरी सोडून पंचेचाळिशीत ते कॉम्प्युटर शिकले आणि एका वधूवर सूचक मंडळासाठी त्यांनी स्थळांचा प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. माउसला त्यांनी कधी हात लावला नाही, आणि कुठेही गेले तरी स्वतःचा कीबोर्ड कापडी पिशवीतून नेला. फोन उचलला की "अडचण सांगा." अडचण सांगितली की, "तुम्ही काय केलंत?" प्रोग्रॅमने काही केलं असेल ही शक्यताच नाही. एकदा त्याने एका मुलीला तिच्या सख्ख्या भावाचंच स्थळ सुचवलं. काका मंडळाच्या कार्यवाहबाईंना म्हणाले, "गोत्राचा रकाना आपण रिकामा ठेवलात. बाकी पत्रिका जुळते, हे तरी मान्य कराल?"

पुढे मंडळाने सगळ्या शाखा एकाच सर्व्हरला जोडल्या. शाखेत नुसता पडदा दिसायचा, काम मुख्य कार्यालयातल्या त्या एका मशीनवर चालायचं. आणि दुपारी सगळं ठप्प व्हायला लागलं. दुपारी उघडी असायची फक्त चिंचवडची शाखा, कारण तिथले लोक कारखान्यातली पाळी संपवून यायचे. ती शाखा सांभाळणाऱ्या ताई मूळच्या वर्ध्याच्या. त्यांनी फोन केला, "काका, एक नाव शोधाले अख्खा चहा पिऊन होते जी. लोक उठून चालले जातात."

"तुम्ही काय केलंत?"

"मी काय करू जी, बसूनच आहे."

कार्यवाहबाईंनी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर प्रोग्रॅम सुधारला नाही तर नवीन विकत घेणार. काकांचं चौदा वर्षांचं काम पुसलं जाणार होतं. मावशी म्हणाली की ते पानात टाकायला लागलेत. शेवटी त्यांनी मला बोलावलं. मी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. "तुला यातलं कळतं म्हणतात," एवढंच म्हणाले.

दुपारी दीड वाजता, झोप मोडून, ते माझ्याबरोबर सर्व्हरपाशी आले. कोण किती ताकद खातंय याची यादी मी उघडली. चिंचवड तळाशी आणि वर ओळीने सदाशिव, नारायण, शनिवार पेठ.

"या शाखा तर एक ते चार बंद," काका म्हणाले. "मग काम कोण करतंय?"

काम कोणीच करत नव्हतं. प्रत्येक शाखेत काकांच्याच अक्षरातली पाटी होती: 'प्रोग्रॅम मध्येच बंद करू नये. केल्यास कारण स्वतः येऊन सांगावे.' तेवढं टाळायला सगळे प्रोग्रॅम चालू ठेवूनच जेवायला जायचे. आणि काकांचा प्रोग्रॅम रिकामा असला की कीबोर्डला अखंड विचारत राहायचा, बटण दाबलं का, बटण दाबलं का. ज्याचा त्याचा कॉम्प्युटर होता तोवर त्याचा कोणाला त्रास नव्हता. आता सगळे मिळून एकाच सर्व्हरला विचारत होते, आणि चिंचवडच्या वाट्याला काही उरत नव्हतं.

काकांनी प्रोग्रॅम उघडला आणि बटणाबद्दल विचारणाऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही ओळ माझी आहे. पाटीही माझीच."

दर वेळी विचारून झालं की प्रोग्रॅमने क्षणभर थांबावं, एवढंच त्यांनी लिहिलं. यादीतल्या पेठा भराभर खाली गेल्या. काकांनी चिंचवडला फोन लावला. "ताई, एखादं नाव शोधा." पलीकडून लगेच उत्तर आलं, "सापडलं जी." काका म्हणाले, "चूक माझी होती. तुम्ही बरोबर सांगत होतात."

मुदत टळली, प्रोग्रॅम राहिला. मग दर शनिवारी काका कीबोर्ड घेऊन चिंचवडला जायला लागले, ताईंना प्रोग्रॅम आतून शिकवायला. गेल्या महिन्यात ताईंनी त्यातली एक चूक स्वतः शोधून स्वतःच दुरुस्त केली. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीवर इतकी वर्षं एकच नाव होतं. काकांनी त्याखाली ताईंचं नाव लिहिलं आणि मला दाखवलं.

"मी नसलो तर तो बंद पडेल, याचा मला आजवर अभिमान वाटायचा," ते म्हणाले. "आता नाही पडणार."

मला फार बरं वाटलं. 'मी नसलो तर' हे मात्र त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं; घरी येईपर्यंत डोळे पुसत होतो.