केदारचा उतारा

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, त्या वर्षी काका केदारनाथला निघाले. राज्यं बदलली तरी संस्थानी अंमलदारीची पगडी त्यांनी सोडली नव्हती. सोबत मी आणि उज्जैनच्या राम घाटावरचे आमचे गुरुजी. वाटेत एक मुक्काम करा, असं हमाल विनवत होता. काकांनी निर्जळी उपवास धरून एका दिवसात चढ संपवला.

सकाळी ते झोकांड्या खाऊ लागले. मला जुन्या कचेरीतला शिपाई समजून त्यांनी काठी हाणली. माझी भुवई फुटली.

हमाल ओरडला, “पहाड़ लगा है! इन्हें उतारो, अभी उतारो!”

उज्जैनच्या माणसाला उतारा एकच ठाऊक, भुताचा. “बाधा आहे. हात धर रे यांचे,” गुरुजी म्हणाले. मी धरले. त्यांनी निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि चपलेनं काकांची पाठ झोडपली.

“बोल, कोण आहेस तू?”

“तहसीलदार!” काका किंचाळले. मग त्यांचे ओठ निळे पडले, छाती घरघरू लागली.

हमालानं निखारे लाथेनं उडवले आणि गुरुजींच्या कानशिलात भडकावली. “उतारो मतलब नीचे, पंडतजी! यहाँ हवा पतली है, नीचे!” काकांना पाठीवर बांधून तो पळतच डोंगर उतरला.

दुपारी खालच्या धर्मशाळेत काकांनी डोळे उघडले आणि पगडी कुठे आहे, ते विचारलं.

पुढे घाटावर गुरुजी सांगत, आपल्या उताऱ्यानं काका वाचले. काका मान डोलवत. मी भुवईवरची खूण चाचपत बसे. हात मीच धरले होते.