हात काढा रे!

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे माई, दिव्याचं बटण दाबण्याआधी घरभर ओरडायच्या, "हात काढा रे!" आता कुणाचा हात कुठे असणार? माईंचे यजमान, म्हणजे माझे दीर, ओटीवर पेपर वाचत, मी चुलीपाशी, मुलं अंगणात. तरी सगळ्यांकडून "काढला!" असं आल्याशिवाय माई बटणाला बोट लावायच्या नाहीत. एका पाहुण्याने एकदा चेष्टेत खरोखरच दोन्ही हात वर केले. माईंना चेष्टा कळलीच नाही. "अस्संच करायचं. म्हणजे दिसतं तरी," म्हणाल्या.

आमचं घर नागावात, नारळी-पोफळीच्या वाडीत. मी लग्न होऊन आले त्या सुमारास गावात वीज आली. माईंना तिचा भारी धाक. "दिवसाउजेडी घरात वीज कशाला खेळवायची?" असं म्हणून त्या सकाळीच माजघरातल्या मेन स्विचचा खटका खाली ओढून ठेवायच्या. तिन्हीसांजेला हातपाय धुवायचे, देवापुढे समई लावायची, मग खटका वर करायचा आणि पेटलेल्या बल्बलाही नमस्कार करायचा. हे काम दुसऱ्या कुणी केलेलं खपायचं नाही. मी एकदा आगाऊपणा केला, तर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढे दिरांनी विहिरीवर पंप बसवायचं ठरवलं आणि रहाटाचा बैल विकून टाकला. पंपाचा भार घरातल्या जुन्या तारांना झेपायचा नाही, त्याला वेगळी जाड वायर आणि स्वतःचे फ्यूज असलेला नवा बोर्ड मागच्या पडवीत लावायला हवा, असं दामू वायरमनने सांगितलं. दामू पलीकडच्या आगरी वस्तीतला. अंगाने किडकिडीत, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्याने मेनचा खटका खाली असल्याचं पाहिलं, ओटीवरच्या पुरुषांना बजावलं, "मेन बंद हाय. कुनी हात लावाचा न्हाय," आणि पडवीत शिडीवर चढला. माई तेव्हा वाडीत झावळ्या ओढत होत्या. मी विहिरीवर. आम्हाला सांगावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. बायकांना कोण सांगतंय!

काम लांबलं. दिवेलागण झाली. माई आल्या, हातपाय धुतले, समई लावली आणि रोजच्यासारखा खटका वर केला. नमस्काराला हात जुळले आणि पडवीतून किंकाळी आली. आम्ही धावलो. दामू शिडीखाली पडला होता, उजवा हात भाजून काळा पडला होता. माई जोडलेले हात सोडायचं विसरून तशाच उभ्या होत्या.

दामू वाचला. पण हाताची दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. दीर माईंना समजावत, "अगं, तुला ठाऊक नव्हतं. तुझी काय चूक?" माई म्हणायच्या, "ठाऊक नव्हतं म्हणून त्याची बोटं सरळ होणारेत का?" दामू दवाखान्यातून घरी आल्यावर त्या रोज मऊ भात नि तूप घेऊन त्याच्या वस्तीवर जायच्या. दामूची आई मुकाट्याने डबा घ्यायची, घासून परत द्यायची. वाटेत माई मला म्हणायच्या, "ती मला शिव्या का देत नाही गं, सुमन? दिल्या असत्या तर जरा बरं वाटलं असतं."

घरात पुन्हा कंदील आले. मेनला हात लावायचा नाही आणि दुसरा वायरमन आणायचा नाही, असं माईंनी बजावून ठेवलं. पंप गोणपाटाखाली पडून. बैल गेलेला. कळशीने शिंपून वाडी कुठे भिजते? ऐन उन्हाळ्यात पोफळी पिवळ्या पडायला लागल्या. शेवटी दीर चिडून दुसरा वायरमन घेऊन आले, तर माई दारात आडव्या. "वाडी जळाली तरी चालेल. आणखी एका आईचं पोर त्या शिडीवर चढवणार नाही!"

हे दामूच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी स्वारी स्वतःच हजर. उजवा हात खिशात. "काकू, वाडी मारता काय माझ्या नावानं? अर्धी चूक माझी हाय. नुसता खटका बघून चढाचं नसतं. फ्यूज काडून खिशात टाकाचा असतो. मी न्हाय टाकला." त्याने मेनमधला पांढरा, चिनीमातीचा फ्यूज उपसला आणि माईंच्या हातावर ठेवला. "आता खटका कुनी बी वर करू दे, करंट न्हाय येणार. मी मागीन तवा द्या. तोवर देवाला बी दिऊ नका."

माई मागच्या पायरीवर फ्यूज मुठीत धरून बसल्या, शिडीवरून नजर न हलवता. दामू डाव्या हाताने पेच पिळत होता, बडबडत होता. तिन्हीसांज झाली. दीर म्हणाले, "अगं, देवापुढे दिवा?" माई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "सुमन, आज तू लाव." इतक्या वर्षांत ते काम त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. मी समई लावली.

काम आटोपून दामू उतरला तेव्हा माईंची मूठ उघडेना. त्यानेच हळूहळू बोटं सोडवली. फ्यूज बसवून म्हणाला, "खटका तुमीच वर करा, काकू." माईंनी घरभर पाहिलं आणि गळा फाडून ओरडल्या, "हात काढा रे!" ती आरोळी त्या दिवसापासूनची.

पंप चालला, वाडी वाचली. दामू पुढेही येत राहिला. माईंसमोर मात्र त्याचा उजवा हात कायम खिशात. माईंची नजर त्या खिशावरच. त्याने माईंना केव्हाच माफ केलं होतं. माईंनी स्वतःला केलं नाही, आणि आम्ही कितीही समजावलं तरी त्याचा उपयोग झाला नाही.

शेवटच्या आजारात माईंची वाचा गेली. एका संध्याकाळी मी गडबडीत खोलीत शिरले आणि काही न बोलता बटणाकडे हात नेला. मागे खाट करकरली. वळून पाहिलं, तर माईंनी गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढून वर धरले होते. थरथरत होते, पण खाली येईनात. मी म्हटलं, "पाहिले, माई. काढलेत." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली, आणि मी दिवा लावला.