आक्काच्या तळहातावरचा डाग

आक्का गेल्याचा निरोप वाशीमच्या मुलींच्या वसतिगृहातून आला. मी पोचलो तेव्हा तिचा एकेकाळचा नवरा पांढऱ्याशुभ्र शर्टात पुढेच बसला होता आणि माणसं त्याचंच सांत्वन करत होती. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत त्यानं भाषणही ठोकलं. म्हणाला, "परिस्थितीनं आम्हाला वेगळं केलं." परिस्थिती! महिना होत आला, तो शब्द अजून माझ्या घशाखाली उतरत नाही...

त्या परिस्थितीचं खरं नाव बुरशी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी ही थोरली बहीण इंझोरीहून कारंज्याला, एका मास्तराच्या घरी दिली होती. वर्षभरात तिच्या उजव्या तळहातावर काळपट डाग उमटला. दुखेना, खाजेना. चुलीची काजळी समजून तिनं तो राखेनं घासला, तर डाग उलट पसरत गेला. सासूनं निकाल दिला, महारोग! आक्काची चूल बंद झाली, पेला वेगळा झाला. पाणी मागितलं की सासू वरून धार धरायची आणि आक्कानं ओंजळ करायची. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या विहिरीवर असंच ओंजळीनं पाणी प्यायलं, त्या घरात, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली हा तमाशा. आणि शाळेत समता शिकवणारा मास्तर खाली मान घालून जेवत राहायचा. एका सकाळी त्यानं आक्काला एसटीत बसवून दिलं. सोबत यायचीही त्याची छाती झाली नाही.

मी तिला वाशीमला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डागावर टाचणी टोचली.

"टोचते ना जी!" आक्का ओरडली.

डॉक्टर हसले. डाग थोडा खरवडून त्यांनी काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "महारोगाचा डाग बधिर असतो, बाई. ही बुरशी आहे. क्वचितच दिसते, अन् कातडीच्या वरवरच राहते. मलम लावा, जाईल."

"बुरशी? शिळ्या भाकरीवर येते तशी?" आक्का माझ्याकडे वळली. "अन् याच्यापायी मले हाकललं त्यायनं?"

काही आठवड्यांत हात स्वच्छ झाला. हे कळताच मास्तर न्यायला आला. खाटेवर बसला. आक्कानं पाणी पुढे केलं, तर पेला घेण्याआधी त्यानं तिचा तळहात निरखला.

"काहून? डाग शोधून राह्यले काय?"

"तसं नाही... आई म्हणे, एकडाव पाहून घे."

"पाह्यलं ना? मंग निघा आता. माह्या हातावरचा गेला, मास्तर. तुमच्या डोक्शातला नाही जात."

तो पाणी न पिताच गेला. पुढच्याच उन्हाळ्यात त्यानं दुसरं लग्न केलं. आक्का मात्र वसतिगृहात स्वयंपाकाला लागली, ती शेवटपर्यंत. नव्या पोरीची पहिली भाकरी ती कधी ताटात वाढत नसे. पोरीच्या हातावर ठेवायची आणि वरून आपला हात क्षणभर दाबायची.

परवा तिचं सामान आणायला गेलो, तेव्हा नवी बाई वाढत होती. रांगेत पहिल्यांदाच आलेली एक मुलगी ताट धरून उभी होती. मागच्या थोरल्या पोरीनं तिचं ताट काढून घेतलं, टोपलीतली भाकरी स्वतः उचलली आणि म्हणाली, "हात पुढं कर."