दादाच्या गोळ्या आणि माझं शहाणपण

लातूरला एका क्लासमध्ये मी अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. दोन चेतापेशी, मधली फट, त्या फटीतून जाणारं सेरोटोनिन नावाचं रसायन, हे सगळं मी फळ्यावर झोपेतसुद्धा काढीन. तरी आमच्या घराण्यात माझ्याइतका मूर्ख दुसरा नाही.

माझा थोरला भाऊ मुखेडला एसटीत कंडक्टर. मागच्या उन्हाळ्यात त्यानं ड्युटीवर जाणं सोडलं. जेवण नाही, बोलणं नाही, भिंतीकडं तोंड करून पडून. मी गेलो आणि 'सकाळी फिरत जा, चांगले विचार कर' असलं काहीबाही सांगून आलो. शेजारच्या मास्तरांनी 'रिकामपणाचा रोग' असं निदान केलं. ते स्वतः निवृत्तीपासून ओट्यावरून हललेले नाहीत.

शेवटी वहिनीच त्याला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मी सोबत होतो, अक्कल पाजळायला. बाईंनी आधी थायरॉइड तपासायला लावलं, ते ठीक निघालं, तेव्हा नैराश्याचा आजार आहे म्हणून गोळ्या लिहून दिल्या. मग त्यांनी कागदावर तीच फट काढली. पेशी सेरोटोनिन सोडते आणि परत ओढून घेते, गोळी ते ओढणं अडवते, असं वहिनीला समजावलं.

"म्हणजे सेरोटोनिन कमी पडलं," मी म्हणालो.

"इतकं सोपं असतं तर दुसऱ्याच दिवशी बरं वाटलं असतं," बाई म्हणाल्या. "फटीतलं सेरोटोनिन काही तासांत वाढतं, पण मेंदू बदलायला आठवडे लागतात. आनुवंशिकता, ताण, सगळ्याचा हात असतो. पुरतं कारण अजून कुणालाच कळलेलं नाही."

दीड महिन्यानं दादा कामावर गेला. मी फोन केला. "बरा झालास ना? मग सोड गोळ्या, सवय लागेल." शिकलेल्या भावाचा शब्द. त्यानं एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी गरगरायला लागलं, डोक्यात विजेचे झटके बसल्यागत व्हायला लागलं. महिन्याभरात परत अंथरुणात.

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, बाई म्हणल्या, ही नशेसारखी सवय नसती. पण एकदम सोडायच्या न्हाईत, हळूहळू कमी करायच्या. तुम्ही हेच शिकवता ना पोरांना?"

"हो."

"तिथंच शिकवा. आमच्या घरी नका शिकवू."

गोळ्या परत सुरू झाल्या. दिवाळीआधी दादा पुन्हा ड्युटीवर गेला. तब्येतीचं विचारलं की "बरं हाय" म्हणतो आणि फोन वहिनीकडं देतो.