मामी मशीनवर, गाडी जॅकवर

गॅरेजात काय काय साठतं म्हणून सांगू! जुने प्लग, फाटके बेल्ट, कुणीतरी विसरलेली पान्ह्यांची पिशवी, चार वेगवेगळ्या गाड्यांच्या चार व्हील कॅप. भंगारवाला अधूनमधून येतो आणि सगळं गोळा करून नेतो. किस्से मात्र नेत नाही! ते इथंच राहतात आणि चहा आला की बाहेर निघतात.

माझं गॅरेज सोलापुरात, मंगळवेढा रोडला. उन्हाळ्यात इथं बोनेटवर हात ठेवायची सोय नाही. पावसात काळी माती चाकाला धरून बसते, आणि उरलेले महिने गाडी धूळ खात असते. त्यामुळे आमचं निम्मं काम बिघडलेल्या गाडीचं, आणि निम्मं ती बिघडू नये म्हणून करायच्या तयारीचं. या तयारीत लोक स्वतःचं जे डोकं चालवतात ना, त्याला तोड नाही!

आमचे मोठे मिस्त्री युनूसभाई. हात काळे, मन साफ, आणि बोलणं पक्कं दखनी. ते म्हणतात, "गाडी का बुखार मैं उतारतूं मालक. गाडीवाले का मेरे कू नक्को बोलो!"

*

दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडं एक जुनी व्हॅन येते. बिरामामांची. मंगळवेढ्याच्या पुढं त्यांचं गाव, घरची मेंढरं, थोडी ज्वारी. मामींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. जवळपास कुठं नंबर लागला नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूर. सकाळी नऊ ते दुपारी एक. एक खेप चुकली की मामींच्या अंगावर सूज येते. लागोपाठ दोन चुकल्या तर काय, ते मामा बोलत नाहीत.

पहिल्यांदा आले तेव्हा मामा मला म्हणाले, "मालक, जाताना गाडी बंद पडली तर पडू द्या. ढकलत नीन मी. पर येताना न्हाय पडली पायजे!"

तेव्हापासून आमचा नियमच झाला. मामी चार तास मशीनवर, गाडी चार तास जॅकवर. बेल्ट, होज, ऑइल, ब्रेक, सगळं दर खेपेला बघायचं. निघताना युनूसभाई मामांच्या हातात चिठ्ठी देतात, पुढच्या वेळी काय करायचं त्याची.

एकदा काय झालं, डॉक्टरांनी मागची फाईल मागितली आणि मामांनी गडबडीत युनूसभाईंची चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "मागचं उजवं झिजलंय. समोरून आवाज येतो, पण काळजी नाही. अजून दहा हजार किलोमीटर आरामात!"

मामी मशीनवरून म्हणाल्या, "बघा डॉक्टर! तुमी कवा असं बोलला का मला?"

*

आमचे एक सर आहेत. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. माणूस देव, पण टायरच्या हवेच्या मागं हात धुवून लागलेला! दुपारी दोनला, भर मे महिन्यात, गाडी फिरवून आमच्याकडं यायचे, प्रेशर बघायचे आणि "जास्त झालं" म्हणून हवा सोडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरचं प्रेशर बघायचे, ते कमी! मग भरायचे. दुपारी परत जास्त. परत सोडायचे. सगळ्याची वहीत नोंद, तारीखवार.

मी म्हटलं, "सर, हवा तापली की पसरते, हे तुम्हीच पोरांना शिकवलंत ना?"

"ते वर्गात," सर म्हणाले. "ही माझी गाडी आहे."

पाचव्या दिवशी युनूसभाईंनी हात जोडले. "सर, हवा है वो, बच्चा नहीं! रोज वजन कायकू करते?"

सर जरा रागावले. आठवडाभर आलेच नाहीत. मग एका सकाळी आले, गार टायरचं प्रेशर बघितलं, वहीत लिहिलं आणि हळूच म्हणाले, "आठ दिवसांत काहीच फरक नाही हो."

युनूसभाईंनी चाकावरून हात फिरवला. "बच्चा बराबर है, सर. घर लेके जाओ!"

*

लग्नसराईतली गोष्ट. दत्ता नावाचा एक ड्रायव्हर नवरदेवाची कार घेऊन मोहोळकडून येत होता. रणरणतं ऊन, एसी फुल्ल, गाडीत माणसं कोंबलेली. तापमानाचा काटा लालमध्ये गेला. दत्तानं गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, झाकण उघडलं तर रेडिएटर कोरडा ठणठणीत! मैलभर पाण्याचा पत्ता नाही. करवल्यांनी बाटल्या आधीच संपवलेल्या.

तरी दत्ता गाडी घेऊन आमच्यापर्यंत आला. युनूसभाईंनी झाकण उघडलं आणि नाक वर करून हुंगायला लागले. मी वाकून बघितलं. आत कोथिंबीर तरंगत होती.

"अरे, काय ओतलंस यात?"

"मठ्ठा, मालक. डिकीत कॅन हुता लग्नातला. गाडीला ऊन लागलंतं की!"

माझं डोकंच फिरलं. "अरे, रेडिएटरमध्ये मठ्ठा घालतात का कुणी?"

दत्ता म्हणाला, "जिलबी न्हाय घातली की मालक!"

तीन वेळा रेडिएटर धुतला. तरी दोन दिवस ती गाडी सुरू केली की गॅरेजात पंगत बसल्यासारखं वाटायचं.

*

त्याच उन्हाळ्यात बिरामामांच्या व्हॅनचा रेडिएटर झिरपायला लागला. नवा मिळेपर्यंत आठवडा जाणार होता. तोवर उपाय एकच, मध्ये मध्ये थांबून पाणी घालायचं. मी मामांना दोन कॅन भरून दिले आणि इंजिन थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे चार वेळा बजावलं.

मंगळवारी आले तेव्हा मामांनी गाडी लावली आणि तोंड फिरवून उभे राहिले. मला वाटलं, झाकण उघडताना भाजलं की काय. तसं नव्हतं. ते म्हणाले, "मालक, रेडिएटर आजच घाला. कुटनं बी आना."

हा किस्सा चहावर मला अजून नीट सांगता येत नाही. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं. दिवसाला किती, ते डॉक्टर ठरवतात. त्या दिवशी रस्त्यात मामा दुसरा कॅन रेडिएटरमध्ये ओतत होते. मामी खिडकीतून बघत होत्या. ओठ सुकलेले. मामांनी वर बघितलं तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, "पाजा की तिला पोटभर! तिला कुटं डॉक्टर हाय?"

युनूसभाईंनी त्या दिवशी अख्खं मार्केट पालथं घातलं. साडेबाराला नवा रेडिएटर बसला.

*

एका साहेबांनी नवी कोरी मोठी गाडी घेतली. कुठंही जाणारी. त्यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. वर दिव्यांची रांग लावली, बाजूला दोरखंड, पुढं विंच. विंच म्हणजे रीळ. गाडी रुतली की तिची तार लांबच्या झाडाला बांधायची, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते. साहेबांनी मला गॅरेजसमोरच्या कडुलिंबाला बांधून तीनदा करून दाखवलं. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू!

हुरड्याच्या दिवसांत ते मंगळवेढ्याला गेले. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला. साहेबांनी रस्ता सोडून गाडी मुद्दामच शिवारात घातली. शंभर पावलांत चारही चाकं काळ्या मातीत बसली. साहेब खूष! खाली उतरले, विंचची तार ओढली, हुक हातात घेतला आणि इकडं तिकडं बघायला लागले.

मंगळवेढ्याचं ते शिवार. नजर पोचेल तिथवर ज्वारी. झाड म्हणून एक नाही!

बांधावर एक शेतकरी उभा होता. साहेब ओरडले, "अहो, इथं झाड कुठं आहे?"

तो शांतपणे म्हणाला, "न्हाय की. लावू म्हनताय? लावतो पुढल्या साली."

शेवटी त्यानंच घरून कडब्याच्या चार पेंढ्या आणल्या, चाकाखाली घातल्या आणि गाडी निघाली. साहेबांना हुरडाही त्यानंच खाऊ घातला. सोमवारी साहेब गॅरेजात हजर. "विंच काढा," म्हणाले. "आणि डिकीत दोन पेंढ्या मावतील असं काहीतरी करा."

*

आता माझी फजिती. एका मंगळवारी व्हॅनच्या इंजिनचं वरचं हेड खोललं आणि आत ठरवल्यापेक्षा जास्त काम निघालं. एक वाजला, मामी बाहेर आल्या, आणि व्हॅनचं हेड अजून टेबलावर! मी म्हटलं, काळजी नको, माझ्या गाडीनं सोडतो.

निम्म्या वाटेवर फटकन आवाज झाला. पंक्चर. मी ऐटीत उतरलो, स्टेपनी काढली, ती जमिनीवर टेकवली तर बसली फुसकन. तिच्यात हवाच नव्हती! कधी बघितली होती, तेही आठवेना. जॅक होता, त्याचा दांडा नव्हता.

मामी एका टपरीच्या सावलीत टेकल्या. मामांनी गाडीतून आपली पिशवी आणली. व्हॅनमधून उतरताना त्यांनी ती सोबत घेतलीच होती. तिच्यात पायानं मारायचा पंप, दांडा, दोन पान्हे आणि हात पुसायला चिंधी. माणसानं त्या उन्हात माझ्या स्टेपनीत हवा मारली, चाक बदललं, हात पुसले.

गाडीत बसल्यावर फार अदबीनं म्हणाले, "मालक, एक इचारू का? राग न्हाय ना?"

"विचारा की."

"तुमी तुमची गाडी कुटल्या गॅरेजला दावता?"

मामी गावापर्यंत हसत होत्या.

*

आणि हा मागच्या उन्हाळ्यातला.

मंगळवारी व्हॅन आली नाही. फोन लागेना. युनूसभाई दहा वेळा रस्त्यावर जाऊन आले. गुरुवारी मामांचा फोन आला. मेंढरांच्या शेडचा पत्रा बसवताना मंगळवारी सकाळीच खाली पडले होते. डावा हात मोडला, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. लग्नाची दाट तिथ, गावातल्या सगळ्या गाड्या वऱ्हाडाला गेलेल्या. मंगळवारची खेप चुकली होती.

"मामी कशा आहेत?"

"सुजलीया," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, उद्या उजाडायला मी दारात असतो. तुम्ही फक्त तयार राहा."

शुक्रवारी माझ्या गाडीत सगळं होतं. स्टेपनीत हवा, जॅकला दांडा, पाणी, उशी. एकच गोष्ट माझ्या हातात नव्हती. रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता. पुढं जाता येईना, मागं वळता येईना. तास गेला. मामांचा फोन रेंजच्या बाहेर. रस्ता मोकळा झाला तसा मी सुसाट निघालो.

बेगमपूरच्या पुलाच्या अलीकडं समोरून ती व्हॅन येताना दिसली. सरळ येत होती, पण फार हळू. मला वाटलं, चला, कुणीतरी ड्रायव्हर मिळाला. गाडी बाजूला लावून मी हात करत रस्त्यात उतरलो.

स्टिअरिंगवर मामाच होते! उजवा हात स्टिअरिंगवर, डावा प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. शेजारी मामी. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, धाप लागलेली. त्यांचा डावा हात डायलिसिसच्या सुईचा, तो जपायचा असतो, म्हणून पदरात गुंडाळून मांडीवर ठेवलेला. आणि उजवा हात गिअरच्या दांड्यावर.

मी व्हॅनबरोबर पळायला लागलो. "मामा, थांबा! मामी, अहो मी येतच होतो! थांबा, माझ्या गाडीत बसा!"

मामांचा पाय ब्रेककडं गेला असावा, कारण मामी एकदम ओरडल्या, "ब्रेक नगं! क्लच दाबा, क्लच!"

मामांनी क्लच दाबला. मामींनी दात आवळून तिसरा गिअर टाकला. व्हॅन एक हिसका देऊन पुढं निघाली, आणि मामी खिडकीतून माझ्यावर खेकसल्या,

"थांबवू नगासा मालक! परत पयला टाकाय लागंल!"