बेअरिंगच्या शीटवरचा थेंब

त्या सेमिस्टरला आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ड्रॉइंगच्या इतक्या शीट काढाव्या लागल्या, की अंथरल्या असत्या तर वर्धा ते पुलगाव रस्ता झाकून उरल्या असत्या. सरांची सही नाही, तर परीक्षा नाही. बेअरिंगची शीट मी एकट्यानं काढली आणि तिच्यावरच ताट ठेवून जेवलो. वरणाचा थेंब पडला.

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग ती शीट होस्टेलच्या खिडकीच्या काचेला लावून, वर कोरा कागद धरून गिरवायला बसला.

"हे गोल काय हाये बे?" रूममेटनं विचारलं.

वरण म्हणायची लाज वाटली. "तेल सोडाचं भोक हाये. काढ गपचूप."

सगळ्यांनी कंपास लावून सुबक भोकं काढली.

सरांनी गठ्ठा चाळला आणि मला बोलावलं. "साऱ्यायच्या बेअरिंगले भोक हाये, तुह्यावाल्याले काऊन नाई?"

मी माझ्या शीटवरच्या डागावर बोट ठेवलं. "सर, ते भोक नाई, वरण हाये."

सरांनी शीट नाकाशी धरली आणि पंखा हलेल एवढ्या जोरानं हसले. माझ्या शीटवर सही झाली. बाकीच्यांना नव्यानं काढायला दोन दिवस मिळाले. ते दोन्ही दिवस मीही त्यांच्यासोबत पेन्सिली झिजवल्या. वरण माझंच होतं ना.