आमच्या बसने होल्डवर टाकलेली धावपटू

आमच्या कंपनीच्या बसमध्ये क्रिकेटवर बोलायला बंदी नाही. पण कोणी बोलायला लागलं की भाई खिडकीकडे तोंड फिरवतात आणि मी डोळे मिटून घेते, मग बोलणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. कासारवाडीहून निघोज्यापर्यंतचा रस्ता, त्यात मोशीच्या पुढे अडकून पडलेले ट्रक, एवढ्या वेळात आम्हाला एकच विषय पुरून उरतो, तो म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यती. शंभर मीटरवाल्यांना आम्ही मोजत नाही. एक शिंक आली तर शर्यत हुकते, त्यात काय बघायचं?

आम्ही म्हणजे मुख्यतः मी आणि भाई. बाकीचे ऐकणारे आणि अधूनमधून काडी टाकणारे. भाई मेंटेनन्सला फिटर आहेत. त्यांचं घर दोन पिढ्या कासारवाडीत, आणि तरुणपणी पोलीस भरतीसाठी ते स्वतः पळलेले. भरती हुकली, नाद राहिला. मी फायनल इन्स्पेक्शनला आहे. लग्न होऊन विदर्भातून इथे आले, आणि बस पकडण्यापलीकडे आयुष्यात कधी पळले नाही. पण पळणाऱ्याचं पाऊल ओळखायची नजर माझ्याकडे भाईंपेक्षा चांगली आहे, असं मी म्हणते. भाई बरोबर उलटं म्हणतात. तिसरे आमचे ड्रायव्हरदादा, चिखलीच्या जुन्या गावकऱ्यांपैकी. त्यांचे डोळे रस्त्यावर असतात आणि कान मागे. भांडण फारच पेटलं की निवाडा त्यांचा.

भांडण दोन धावपटू मुलींवरून. माझी विदर्भातली, माझ्या माहेरच्या बाजूची. भाईंची कर्नाटकातली. दोघी दहा हजार मीटर पळतात, म्हणजे मैदानाच्या पंचवीस फेऱ्या, आणि गेली काही वर्षं पहिला-दुसरा नंबर या दोघींतच फिरतो आहे. नावं आम्ही घेतच नाही. ‘माझी’ आणि ‘तुमची’, बस. नवीन माणूस चढला की त्याला वाटतं आम्ही आपापल्या लेकींबद्दल बोलतोय. फार चुकत नाही तो. फक्त त्या दोघींना आम्ही कोण हे ठाऊक नाही.

भाईंची पळते ते बघत राहावं असं, हे मला मान्य करावं लागतं. डोक्यावर भरली कळशी ठेवली तरी थेंब सांडणार नाही. माझीचं उजवं कोपर मात्र बाहेर फेकलं जातं, जणू गर्दीत वाट काढते आहे. त्या कोपरावरून भाईंनी मला किती छळलं असेल! "ताई, तिला सांगा, मैदान मोकळं आहे, धक्के कोणाला मारतेय?" मी म्हणायचे, "तुमची सुंदर पळते, कारण ती फुकट पळते."

त्यात तथ्य होतं. माझी पहिल्या फेरीपासून पुढे राहायची. समोरचा वारा तिने खायचा, वेग तिने ठरवायचा, आणि भाईंची तिच्या पाठीमागे आडोशाला राहून शेवटच्या फेरीत अलगद पुढे निघून जायची. वर्षानुवर्षं हेच. शर्यत माझीने ओढायची आणि पदक दुसरीने न्यायचं. मी चिडायचे, भाई मिशीत हसायचे आणि निघोज्याच्या फाट्यावर उतरल्यावर मला चहा पाजायचे. हरल्याचा चहाही गोड लागतो, हे मला त्या काळात कळलं.

मग माझी गायब झाली. कित्येक महिने तिचं नाव कुठल्याच शर्यतीत दिसेना. लग्न झालं म्हणे, दुखापत झाली म्हणे, काही कळेना. आणि एक दिवस ती परत आली ती जिंकलीच. पुढच्या शर्यतीतही जिंकली. या वेळी तीच मागे राहिली आणि शेवटच्या फेरीत भाईंचीला मागे टाकून गेली. मी बसमध्ये पेढे वाटले. ड्रायव्हरदादांना दोन दिले.

भाईंनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातात धरून बसले. त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. तोंड न दाखवता कोणीतरी सांगत होता, की पळणाऱ्या मुली डोंगरावर जाऊन रक्त वाढवायची इंजेक्शनं टोचून घेतात, आणि परत आल्या की ओळखू येत नाहीत. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. पण भाईंच्या डोक्यात नाव आपोआप बसलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण इतकी वर्षं हरणारी अचानक जिंकते कशी? आणि एवढे महिने होती कुठे? शक येतो. कसम से, येतो."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढले, तर माझ्या पुढच्या सीटच्या दांडीला पिवळा टॅग बांधलेला. आमच्याकडे काम करणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पास झालेल्या पार्टला हिरवा, नापासाला लाल, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला पिवळा. पिवळा म्हणजे होल्ड. असा पार्ट वापरायचा नाही, फेकायचाही नाही. बाजूला ठेवायचा. आणि ज्याने होल्ड लावला, त्यानेच तो काढायचा. टॅगवर भाईंच्या अक्षरात फक्त ‘विदर्भ’ लिहिलं होतं.

बस हसली. मीही हसले, आणि कंपनीचा टॅग बाहेर आणला म्हणून भाईंना झापलंही. मला वाटलं, गंमत आहे, चार दिवसांत संपेल.

संपली नाही. भाई तिच्याबद्दल बोलायचेच बंद झाले. मी मुद्दाम काढायचे, "काल तिच्या सरावाचा व्हिडिओ बघितला का हो?" तर ते म्हणायचे, "होल्डवर आहे, ताई," आणि गप्प. कोपरावरून चिडवणं नाही, डावपेचांवर वाद नाही, काही नाही. पार्ट होल्डवर असला की त्यावर चर्चा करत नाहीत, तसंच. बाकीचेही हळूहळू तिच्या नावाला दबकू लागले. जिच्यासाठी मी इतकी वर्षं घसा फोडला, तिला आता कोणी हरवायलाही तयार नव्हतं. याचा मला संताप यायचा. शिवी दिली असती तर परवडलं असतं. मला भाईंचं भांडण परत हवं होतं, आणि ते मिळवल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

एका सकाळी मोशीला ट्रक आडवा झाला होता आणि बस जागची हलत नव्हती. मी उठून उभी राहिले.

"भाई, होल्ड लावणाऱ्याने आधी सांगायचं असतं, काय दिसलं की सोडणार. तुम्ही सांगितलंच नाहीत."

"जिंकू दे पुढची शर्यत. मग बघू."

"वा! जिंकली तर म्हणाल टोचून जिंकली. हरली तर म्हणाल तपासणीला घाबरून घेतलं नाही, म्हणून हरली. म्हणजे तिने करायचं तरी काय? पळायचं सोडून द्यायचं?"

ड्रायव्हरदादांनी आरशात बघितलं. "बाईचं म्हननं खोटं न्हाई, भाई. कायतरी माप ठरवा."

मग मी माझं म्हणणं मांडलं. सगळ्या शर्यती मी फोनवर परत बघितल्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं होतं ते असं, की ती जास्त वेगाने पळतच नाहीये. तिने जिंकलेल्या या दोन्ही शर्यती पूर्वी हरलेल्या शर्यतींपेक्षा मंद होत्या. बदललं होतं एवढंच, की तिने ओढणं सोडून दिलं होतं. ती पुढे जाईना म्हणून सगळ्याच रेंगाळल्या, आणि शेवटी जिच्या पायात दम उरला ती गेली. यात इंजेक्शन कुठे आलं? शहाणपण आलं.

भाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "ठीक. बालेवाडीला दोघी पळणार आहेत. तुमची मागे राहून जिंकली आणि तिची वेळ जुन्या वेळेपेक्षा मंदच आली, तर मी सोडतो. पण जास्त वेगात आली, तर होल्ड कायम."

"मंजूर," मी म्हणाले.

"व्हय का!" ड्रायव्हरदादा म्हणाले. "आपल्या मानसानं हळू पळावं म्हनून देव पान्यात घालनारी बाई पयल्यांदाच बघतोय."

रविवारी भाईंच्या भावाच्या टेम्पोतून आम्ही बालेवाडीला गेलो. ड्रायव्हरदादा पुढे बसले आणि वाटभर भावाला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले. ऊन उतरलं होतं, गर्दी बेताची होती. शर्यत सुटली आणि मला हवं होतं तस्सं झालं. कोणीच पुढे जाईना. सगळ्या घोळक्याने, जणू बाजाराला निघाल्यासारख्या चालल्या होत्या. माझी मधोमध, निवांत. लोक कंटाळून शेंगदाणे खायला लागले आणि मी आनंदाने मुठी आवळून बसले. भाई घड्याळाकडे बघून मान हलवत होते. पहिल्या चार-पाच फेऱ्या अशाच गेल्या.

मग ती घोळक्यातून बाहेरच्या बाजूला सरकली. एकदा मागे बघितलं. आणि सुटली.

"अगं हळू!" मी किंचाळले. "हळू पळ! मागे राहा!" पुढच्या रांगेतली माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. भाई पोट धरून हसले. "ताई, तुमची अट गेली हो!"

गेलीच होती. मागे फक्त भाईंची उरली, बाकीच्या पार गळाल्या. एकेक फेरी आधीच्या फेरीपेक्षा वेगात होत होती. ती पुन्हा पूर्वीसारखी पळत होती, वारा अंगावर घेत, कोपर फेकत, आणि तिच्या पाठीला भाईंची चिकटलेली. पुढे काय होणार हे मला पाठ होतं. इतक्या वर्षांत तेवढंच तर बघितलं होतं. असं का करतेस गं, शहाणपण आलं होतं ना तुला? मला रडू येत होतं आणि डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि भाईंची अलगद पुढे गेली, नेहमीसारखी. भाई उठून उभे राहिले. मीही राहिले. पलीकडच्या बाजूला दोघींत अंतर पडलं. मी म्हटलं, संपलं.

पण वळणावर ते अंतर कमी व्हायला लागलं. माझी बाहेरून येत होती. अजून थोडं. अजून. आणि माझ्या कानाशी कोणीतरी छाती फुटेस्तोवर ओरडलं, "चल बेटी! सोडू नको! मार कोपर, मार! आली, आली, आली!"

ते भाई होते. टोपी हातात घेऊन फिरवत होते. स्वतःची धावपटू पुढे आहे हे ते पार विसरले होते. मग मी कसली वेळेची पर्वा करते! "पळ गं!" मी ओरडले. "पळ! काय व्हायचं ते होऊ दे, पळ!" आणि ती पळाली. शेवटच्या चार पावलांत ती पुढे गेली आणि पुढेच राहिली. ड्रायव्हरदादांची एक चप्पल दोन रांगा खाली जाऊन पडली होती. मी भाईंच्या भावाला मिठी मारली, मग कोणाला मारली ते लक्षात आलं, मग म्हटलं, असू दे.

वेळ लागली ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात वेगवान. थोड्या वेळाने एक अधिकारी बाई तिच्याजवळ आल्या आणि तिला तपासणीसाठी आत घेऊन गेल्या. भाई बघत राहिले. ती निर्मळ आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकते का? नाही. गॅलरीतून कोणाचं रक्त दिसत नाही. मी भाईंना एवढंच म्हणाले, "तपासायचं काम त्यांचं आहे. त्यांच्याकडे यंत्रं आहेत. आपलं काम ओरडायचं."

सोमवारी बस भरली तेव्हा पिवळा टॅग दांडीला तसाच होता. बातमी सगळ्यांना कळली होती. स्टोअरमधल्या एकाने लगेच काडी टाकली, "म्हणजे अट मोडली. होल्ड कायम?"

"अट मोडली," मी म्हणाले. "कबूल. पण मला एक सांगा. होल्डवरचा माल कोणी टॅग न काढता परस्पर लाइनला लावून वापरला, तर चूक कोणाची?"

"लावनाऱ्याची," ड्रायव्हरदादा आरशातून म्हणाले. "आता समद्यांना सांगा, भाई, होल्डवरच्या पोरीसाठी बालेवाडीत वरडलं कोन?"

सगळी बस भाईंकडे वळली. भाईंनी बाजू मांडायला तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. घसा साफ बसला होता. बसमध्ये असा हशा उसळला की ड्रायव्हरदादांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

भाई उठले. दांड्या धरत धरत माझ्या सीटपाशी आले, टॅगची गाठ सोडली आणि टॅग माझ्या हातात दिला. मग माझ्या कानाशी वाकून उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "पुढच्या शर्यतीत माझी तुमचीला धूळ चारणार. लिहून ठेवा."

"चारा," मी म्हणाले. "बघतेच मी."

ती जिंकली तेव्हा मी नाचले होते. पण भाईंचं हे वाक्य ऐकून माझे डोळे भरून आले. माझ्या धावपटूला कोणीतरी पुन्हा हरवायला निघालं होतं.